स्नोमोबाइल आडवी झाली, तेल कुठे गेलं?

झाडाच्या फांद्या तोडायचं चेनसॉ कधी चालवलं असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. ते आडवं धरा, तिरकं धरा, पार उलटं करा, इंजिन चालतच राहतं. स्नोमोबाइलचं, म्हणजे पुढे स्की आणि खाली फिरता रुंद पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीचं, तसं नाही. ती भुसभुशीत बर्फात एका कुशीवर कलंडली, दहा मिनिटं तशीच पडून राहिली आणि चालवणाऱ्याने उभी करून लगेच स्टार्टर मारला, तर त्या एका स्टार्टरमध्ये इंजिनाचं वाटोळं होऊ शकतं. दोन्हीकडे पेट्रोलचंच इंजिन, दोन्हीकडे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट. मग फरक कुठे पडला?

तेलात. चेनसॉच्या साखळीचं तेल वेगळ्या टाकीत असतं हे खरं, पण त्याच्या इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं. पेट्रोल जिथे जाईल तिथे तेलही जाईल. स्नोमोबाइलच्या इंजिनात मात्र तेलाचा साठा वेगळा असतो, कधी टाकीत तर कधी इंजिनाच्या तळाशी. तो जागेवर धरून ठेवायला कुलूप नाही, कडी नाही, नुसतं गुरुत्वाकर्षण आहे. गाडी सरळ उभी असेपर्यंत ते पुरतं. गाडी कलंडली की तेलाच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशाच बदलते, आणि तेल निमूटपणे नव्या ‘खाली’कडे चालू लागतं.

नुसतं पडल्यामुळे इंजिन सहसा बिघडत नाही. बर्फ मऊ असतो, वेग बेताचा असतो, फार तर काच किंवा हँडल जातं. इंजिन जातं ते नंतर. तेल भलतीकडे गेलेलं असतं, किंवा जिथे असायला हवं तिथून निघून गेलेलं असतं, आणि ते न बघता कुणीतरी गाडी सुरू करतं. म्हणून तेल निसटू नये यासाठी आधी काय करायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच निसटलेलं तेल कुठे गेलं हे ओळखता येणंही.

आधी आपलं इंजिन ओळखा

जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियर यांनी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावी १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली आणि एकट्यादुकट्याने बर्फावर चालवायची हलकी गाडी लोकांच्या हाती आली. पुढे कित्येक दशकं या गाड्यांवर टू-स्ट्रोक इंजिनांचं (पिस्टन एकदा वर, एकदा खाली, की एक स्फोट) राज्य होतं, कारण ती वजनाला कमी, ताकदीला जास्त आणि दुरुस्तीला सोपी. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत चेनसॉसारखंच पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे. गाडी पडली तर पेट्रोल सांडायची भीती, तेलाची चिंता नाही. मग तेलाची वेगळी टाकी आणि ते मोजून सोडणारा पंप आला. मिसळायची कटकट गेली, आडवं पडल्यावरची कटकट आली. २००३ च्या मॉडेलांत यामाहाने आरएक्स-१ आणली. तिच्यात त्यांच्याच आर-१ मोटारसायकलच्या इंजिनावरून बेतलेलं ९९८ सीसीचं, चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक (पिस्टन दोनदा वर, दोनदा खाली, तेव्हा एक स्फोट) इंजिन होतं. फोर-स्ट्रोकही बर्फावर जोरात पळू शकतं हे त्या गाडीने दाखवून दिलं.

आज दोन्ही प्रकार रानात फिरताना दिसतात, आणि कलंडल्यावर दोघांची दुखणी इतकी वेगळी की एकाचा सल्ला दुसऱ्याला घातक ठरावा. तेल किती भरायचं एवढा साधा प्रश्न घ्या. टू-स्ट्रोकची तेलाची टाकी निघताना भरलेली असलेली बरी. फोर-स्ट्रोकमध्ये खुणेच्या वर घातलेलं तेल म्हणजे स्वतःहून बोलावलेलं संकट.

टू-स्ट्रोक: बोटभर हवा

टू-स्ट्रोकच्या पोटात तेलाचं तळं नसतं. टाकीतून नळीने तेल पंपाकडे येतं, पंप ते थेंबाथेंबाने इंजिनात सोडतो, ते बेअरिंगना आणि सिलिंडरला लागतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जातं. रोज कमवायचं आणि रोज खायचं असा हा संसार. मागची पुंजी नाही, म्हणून पुरवठा जरा खंडित झाला तरी लगेच जाणवतो.

टाकीच्या तळाशी तेल बाहेर पडायचं तोंड असतं आणि वर झाकणापाशी हवा आत यायची बारीक वाट. ही वाट हवीच, नाहीतर तेल उतरेल तशी टाकीत पोकळी होऊन प्रवाहच थांबेल. आता मनातल्या मनात गाडी उलटी करा. हवेची वाट तेलाखाली गेली आणि तिथून तेल ठिबकू लागलं. बऱ्याच गाड्यांत त्या वाटेवर एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप असते, पण तिच्यात मळ बसला किंवा रबर कडक झालं की ती नावापुरती उरते. हे झालं दिसणारं नुकसान. बर्फावर डाग पडतो, आपण हळहळतो, टाकी पुन्हा भरतो, विषय संपला.

न दिसणारं नुकसान तळाच्या तोंडाशी होतं. ते तोंड आता वर आलंय, आणि टाकी अर्धीच असेल तर ते तेलात नाही, हवेत आहे. इंजिन अजून घरघरत असेल तर पंप तीच हवा ओढतो. बंद असलं तरी नळीतलं तेल हळूहळू टाकीकडे परत ओघळतं आणि मोकळ्या जागेत हवा शिरते. गाडी उभी केल्यावर टाकीत तेल दिसतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. नळीत मात्र बुडबुडा बसलेला असतो, आणि थंडीने दाटलेल्या तेलातून तो सहजासहजी वर निसटत नाही. डिझेल पंपाने हवा धरली की काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे दुखणं लगेच कळेल. फक्त डिझेलच्या पंपाने हवा धरली तर इंजिन बंद पडतं आणि वाचतं. इथे ते चालूच राहतं, तेलाशिवाय.

किती वेळ? ढोबळ हिशोब करून बघू. नळी आतून ६ मिलिमीटर रुंद आणि बुडबुडा १० सेंटिमीटर लांब धरा. तेवढ्या जागेत मावणारं तेल जेमतेम २.८ मिलिलिटर. गाडी दोन तासांत २० लिटर पेट्रोल पिते आणि ५० भाग पेट्रोलमागे १ भाग तेल जातं असं समजलं, तर तेल झालं ४०० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ३.३. या हिशोबाने बोटाहून थोडासा लांब बुडबुडा इंजिनाला ५० सेकंद उपाशी ठेवतो. आधीच चोपडलेला तेलाचा थर थोडा वेळ सांभाळून घेतो. गाडी जोरात हाणली तर पंपही जास्त ओढतो आणि बुडबुडा लवकर पुढे सरकतो हेही खरं, पण तेलाची गरज सगळ्यात जास्त नेमकी तेव्हाच असते. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मेकॅनिक म्हणतात ते ‘सीझ झालं’ ते हेच.

यावर उपाय म्हणजे लाइनमधली हवा काढणं. बऱ्याच पंपांवर त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. टाकी भरायची, स्क्रू सैल करायचा, फसफसणारे बुडबुडे संपून नितळ तेल येईपर्यंत थांबायचं आणि स्क्रू आवळायचा. थंडीत तेल सावकाश उतरतं, तिथे घाई चालत नाही. पंपाच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांतही हवा गेली असेल तर इंजिन मंद गतीवर चालवूनच ती बाहेर पडते. तेवढ्या वेळात इंजिन कोरडं राहू नये म्हणून पेट्रोलमध्ये तेल मिसळून घेतात, २० लिटरला ४०० मिलिलिटर. म्हणजे गाडी काही वेळापुरती जुन्या काळात न्यायची. पंप इलेक्ट्रॉनिक असेल तर स्क्रूच्या भानगडीत न पडता गाडीच्या पुस्तिकेत दिलेली रीत पाळावी.

टाकी भरलेली का ठेवायची ते आता लक्षात आलं असेल. गाडी कुशीवर पडली तरी तळाचं तोंड तेलात बुडालेलं राहण्याची शक्यता वाढते. पूर्ण पालथी झाली तर भरल्या टाकीतलीही उरलीसुरली हवा तोंडाशी येतेच, पण बहुतेक गाड्या कुशीवर लवंडतात, पालथ्या क्वचित होतात. भरायचं ते खुणेपर्यंत, झाकणाच्या गळ्यापर्यंत नाही. आणि वर्षातून एकदा झाकणाचं रबर, हवेच्या वाटेची झडप, नळ्यांच्या क्लिपा बघून घ्यायच्या. दहा मिनिटांचं काम आहे, तरी नव्वद टक्के लोक ते करत नसावेत अशी माझी खात्रीवजा शंका आहे.

फोर-स्ट्रोक: श्वासाच्या नळीतून तेल

फोर-स्ट्रोकमध्ये तेल जळून जात नाही, तेच तेल पुन्हा पुन्हा फिरतं. त्यामुळे साठा मोठा, काही लिटरचा. साध्या रचनेत तो इंजिनाच्या तळाच्या संपमध्ये, म्हणजे तेलाच्या भांड्यात, असतो आणि पंपाची नळी त्यात बुडालेली असते. दुसऱ्या रचनेला ड्राय संप म्हणतात. तिथे तळाशी तेल साठू देत नाहीत. एक पंप ते उपसून बाजूच्या टाकीत टाकतो आणि दुसरा तिथून इंजिनाला पुरवतो. वळणावर किंवा चढावर तेल हेलकावलं तरी उंच, अरुंद टाकीत नळीचं तोंड तेलातच राहतं. पण ड्राय संप म्हणजे पालथं पडायचा परवाना, असं समजू नका. त्या टाकीलाही श्वास घ्यायला नळी असते.

पहिला धोका पडल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांतला. थ्रॉटल अंगठ्याखाली असतो. माणूस हँडल धरून पडतो, अंगठा दाबलेला राहतो, किंवा लिव्हरमध्ये बर्फ अडकतो. पट्टा जमिनीवरून सुटलेला, म्हणजे इंजिनावर ओझं नाही आणि ते किंचाळत फिरतंय. तेल कडेला वाहून गेलंय आणि पंप हवा ओढतोय. अशा इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगमध्ये बहुधा छर्रे नसतात. धातूच्या दोन गुळगुळीत अर्धगोल पट्ट्या, मध्ये शाफ्ट आणि त्यांच्यामध्ये दाबाखाली असलेला तेलाचा पापुद्रा, एवढंच. धातूला धातू टेकू न देणारा तो पापुद्रा दाब गेला की टिकत नाही. अशा वेळी इंजिन काही सेकंद जास्त फिरलं तरी बेअरिंग घासलं जातं, आणि त्याचा ठोका ऐकू येतो तो बऱ्याच दिवसांनी, भलत्याच ठिकाणी.

इंजिन बंद झालं, गाडी पडून आहे. आता दुसरा धोका सुरू होतो, आवाज न करता.

चालत्या इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली निसटतोच. तो आत कोंडू नये म्हणून ब्रीदरची नळी असते आणि ती सहसा हवेच्या पेटीला, म्हणजे एअरबॉक्सला जोडलेली असते, म्हणजे तो वायू पुन्हा इंजिनात जाऊन जळतो. सरळ उभ्या गाडीत त्या नळीतून वायू आणि थोडी वाफ जाते. आडव्या किंवा पालथ्या गाडीत तीच नळी तेलाचा पाट होते. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनातलं तेल गरम असतं, पातळ असतं, त्याला वाट दाखवावी लागत नाही. ते एअरबॉक्समध्ये साचतं, फिल्टर भिजवतं आणि जमलं तर इनटेकच्या नळ्यांतून उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं. दुसरी वाट पिस्टन रिंगांमधून. प्रत्येक रिंगला काप असतोच. गाडी पालथी असेल तर पिस्टनच्या पाठीमागे जमलेलं तेल त्या फटीतून झिरपत पिस्टनच्या डोक्यावर, ज्वलनाच्या जागेत उतरतं. ही वाट संथ आहे, पण गाडी अर्धा तास पडून राहिली तर संथ वाटही पुरते.

आणि मग कुणीतरी स्टार्टर मारतो.

पुन्हा थोडं गणित, कारण आकडा पाहिल्याशिवाय यातलं गांभीर्य पटत नाही. १००० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला २५० सीसी. कॉम्प्रेशन ११ ला १ असेल, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाच्या एकूण जागेचा तो वर आल्यावर अकरावा भाग उरत असेल, तर पिस्टन सगळ्यात वर पोहोचल्यावर वर उरते २५ मिलिलिटर जागा. म्हणजे पाच लहान चमचे. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. त्या जागेत पाच चमच्यांहून जास्त तेल असेल तर वर येणारा पिस्टन भिंतीवर आदळावा तसा थांबतो. मागून मात्र फिरता क्रँकशाफ्ट ढकलतच असतो. मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. नुसता स्टार्टर अडकून ‘टक्’ झालं आणि माणूस तिथेच थांबला तर तो नशीबवान. खरी गंमत अशी की रॉड किंचित वाकूनही इंजिन चालू होऊ शकतं, चालतं, आणि मग एका दिवशी तो रॉड तुटून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फोडून बाहेर येतो. तोवर त्या कलंडण्याची आठवणही कुणाला नसते.

खुणेच्या वरचं तेल संकट का, तेही यातूनच कळतं. पातळी जितकी वर, तितका ब्रीदरच्या तोंडापर्यंतचा प्रवास कमी. बरोबर पातळी असलेली गाडी थोडी लवंडली तर तेल आतच राहील, जास्त भरलेली त्याच कोनात ओकेल. शिवाय साध्या संपमध्ये जास्तीचं तेल फिरत्या क्रँकने घुसळून फेसाळतं, आणि फेस पंपाने ओढला तरी दाब धरत नाही. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ ही सवय इथे सोडावी लागते.

कार्बोरेटर असलेल्या गाडीत आणखी एक भानगड होते. त्याच्या वाटीतलं पेट्रोल कलंडल्यावर इंजिनात सांडतं. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढतं आणि फोर-स्ट्रोकमध्ये रिंगांवरून खाली झिरपून तेलात मिसळतं. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी पूर्वीपेक्षा वर गेलेली दिसली, तर ते तेल बदलल्याशिवाय दूर जाऊ नका. पातळी वाढली म्हणून खूश होणारी माणसं मी पाहिली आहेत.

पडल्यानंतर, आणि गाडी उभी करताना

आधी माणूस, मग गाडी. हातपाय ठीक आहेत, कुणी खाली अडकलेलं नाही हे बघून पहिलं काम म्हणजे इंजिन बंद करणं. बहुतेक गाड्यांवर दोरीचा किल स्विच असतो. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायचं, म्हणजे तो फेकला गेला की इंजिन आपोआप बंद. ही दोरी बरेच जण हँडललाच गुंडाळून ठेवतात. तेलाच्या दृष्टीने या दोरीइतका स्वस्त विमा दुसरा नाही. वर सांगितलेले ते पहिले काही सेकंद तीच वाचवते. काही गाड्यांत कलंडल्याचं ओळखून इंजिन तोडणारा सेन्सर असतो, पण तो आहे असं गृहीत धरून अंगठा सोडायला उशीर करू नये.

गाडी शक्य तितक्या लवकर उभी करायची, पण कशीही नाही. या गाड्या दोनशे-तीनशे किलोच्या घरात जातात. उतारावर असाल तर गाडीच्या खालच्या बाजूला कुणीही थांबायचं नाही. ज्या बाजूने पडली त्याच बाजूने, जवळच्या वाटेने परत आणायची. कुशीवर पडलेली गाडी पालथी करून पलीकडून उभी करणं सोपं वाटतं, उतारावर तर फारच. पण त्यात कुशीवर असताना जे तेल अजून जागेवर होतं तेही सुटतं. गरज पडली तर आधी पुढच्या स्की ओढून गाडी उताराला आडवी वळवा, खालचा बर्फ तुडवून बसायला जागा करा, मग उचला. पेट्रोल सांडलेलं असू शकतं आणि सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून आग लागेल असं काही जवळ नको.

लगेच उचलणं शक्यच नसेल, मदतीची वाट बघावी लागणार असेल, तर निदान नाक उताराकडे झुकलेलं राहणार नाही आणि तेलाच्या टाकीची बाजू वर राहील असं बघा. थोडंसं वळवल्यानेही गळती थांबते. इथे वेळ हाच मुख्य आकडा आहे. अर्ध्या मिनिटात उभी केलेली आणि अर्ध्या तासाने उभी केलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

स्टार्टरला हात लावण्याआधी

उभी केली की थांबा. पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहू द्या. वर चढलेलं तेल परत उतरायला तेवढा वेळ लागतो, थंडीत जास्तच. थंडीचा उल्लेख आलाच आहे तर एक छोटी माहिती. डब्यावरच्या ०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. ०डब्ल्यू तेल उणे ३५ अंशांत इंजिन फिरू देईल आणि उणे ४० ला पंपातून जाईल इतकं पातळ राहावं लागतं. म्हणजे ते लवकर परत उतरतं, आणि अर्थात लवकर निसटतंही.

थांबलेल्या वेळात एअरबॉक्स उघडा. फिल्टर कोरडा असेल तर निम्मी काळजी मिटली. आत तेल साचलं असेल तर ते काढल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. बऱ्याच पेट्यांना तळाशी निचऱ्याचं बूच असतं. नसेल तर फडकं, किंवा मोठी सिरिंज आणि तिला जोडलेली वीतभर नळी. ही सिरिंज पिशवीत ठेवायला जागा लागत नाही, आणि तिची गरज पडते तेव्हा दुसरं काहीच तिच्या उपयोगाचं नसतं. भिजलेला फिल्टर पिळून परत लावू नका. फोमचा असेल तर धुवून वाळवता येतो, कागदाचा असेल तर बदलायचा.

एअरबॉक्समध्ये तेल सापडलं, किंवा गाडी पालथी होती, किंवा बराच वेळ पडून होती, तर स्पार्क प्लग काढा. सगळे. प्लगची भोकं उघडी ठेवून इंजिन आधी सावकाश फिरवायचं. दोरीचा स्टार्टर असेल तर झटका न देता ओढायचा. तेल अडकलेलं असेल तर भोकातून पिचकारीसारखं उडतं, म्हणून वर फडकं धरा आणि तोंड बाजूला ठेवा. किल स्विच इंजिन बंद करणाऱ्या स्थितीतच हवा. पेट्रोलही उडू शकतं, तिथे ठिणगी पडली तर तेलाचा प्रश्न उरणारच नाही. मोकळं फिरतंय, काही बाहेर येत नाही अशी खात्री झाली की कोरडे प्लग बसवा.

मग तेलाची पातळी. ड्राय संपच्या गाडीत इथे एक सापळा आहे. बराचसा साठा इंजिनाच्या पोटात उतरलेला असतो, टाकी रिकामी दिसते, माणूस घाबरून लिटरभर ओततो, आणि इंजिन चालू झाल्यावर पंप पोटातलं तेल उपसून टाकीत टाकतो. टाकी ओसंडते, ब्रीदरमधून तेल पुन्हा एअरबॉक्समध्ये. पडली नसती तरी आता तेच झालं असतं. अशा गाड्यांत बहुधा इंजिन थोडा वेळ चालवून, बंद करून मग पातळी बघायची असते. पुस्तिकेतली रीत आधीच पाठ असावी, बर्फात उभं राहून पुस्तिका कुणी उघडत नाही. डिपस्टिकला तेल अजिबातच लागत नसेल तर मात्र सुरू करण्याआधी थोडं घालावंच लागेल. बर्फावर किती सांडलंय, पेटीतून किती निघालं यावरून अंदाज बांधा आणि त्याहून कमीच घाला.

सुरू झाल्यावर मंद गतीवर राहू द्या. तेलाच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर ताबडतोब बंद. थोडा निळसर धूर येणारच, उरलेलं तेल जळतंय. तो हळूहळू विरत असेल तर ठीक. वाढत असेल, किंवा आतून ठोका ऐकू येत असेल, तर गाडी ओढून नेणं परवडतं.

बेल्टकडे, म्हणजे इंजिनाची ताकद क्लचमधून पुढे नेणाऱ्या रबरी बेल्टकडेही, एक नजर टाका. पट्ट्याला ताकद पोहोचवणाऱ्या साखळीची पेटी स्वतःच्या वेगळ्या तेलात असते आणि तिचंही श्वासाचं भोक किंवा झाकण गळू शकतं. बेल्टवर किंवा क्लचवर तेल पडलं तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. लोक तेव्हा इंजिनाला दोष देतात. बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, क्लचचे तवे पुसून काम भागतं.

ब्रीदरला झडप बसवावी का?

तीव्र उतारावर, खोल बर्फात फिरणारे लोक गाडी पडणारच हे धरून चालतात. त्यांच्यापैकी काही जण ब्रीदरच्या नळीत गोळीची झडप बसवतात. सरळ असताना गोळी बाजूला असते आणि वायू जातो, उलटं झालं की गोळी तोंडावर बसते आणि तेल अडतं. कल्पना नवी नाही. हवेत कोलांट्या मारणाऱ्या विमानांच्या इंजिनांना उलटं उडताना तेल मिळावं म्हणून गोळीच्या झडपांचीच व्यवस्था असते.

माझं मत सावध आहे. ब्रीदरमधून पाण्याची वाफही जाते, आणि कडाक्याच्या थंडीत ती नळीत गोठते. झडप म्हणजे त्या वाटेवर बर्फ धरायला आणखी एक अरुंद जागा. नळी तुंबली की वायू क्रँककेसमध्ये कोंडतो आणि दाबाने क्रँकचं सील बाहेर ढकलतो. मग तेल पडल्याशिवायच, धावत्या गाडीतून, भराभर जातं. म्हणून त्या गाडीसाठीच बनवलेली झडप असेल, ती इंजिनाच्या उबेत बसत असेल आणि दर काही फेऱ्यांनी काढून साफ करायची तयारी असेल तरच बसवावी. सपाट वाटेवर फिरणाऱ्याने त्या फंदात पडू नये. नळी जमेल तेवढी वर नेऊन, वळसा देऊन बांधली तरी तेलाला चढ चढावा लागतो, आणि त्यात गोठायला नवीन जागाही होत नाही. फक्त खालच्या दिशेने लोंबणारं वळण नको, तिथे पाणी साचून गोठतं.

मुद्दाम आडवी करताना

गाडी स्वतःच्या हाताने आडवी करायचीही वेळ येते. पट्टा बदलायचा असतो, खालची चाकं बघायची असतात, आणि उचलायला साधन नसतं. इथे तरी सगळं आपल्या हातात आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कारण थंड तेल सावकाश चालतं. तेलाची टाकी आणि ब्रीदरचं तोंड ज्या बाजूला आहे ती बाजू वर ठेवा. पेट्रोल कमी असतानाच हे काम काढा. आडवी फक्त लागेल तेवढी करा, पूर्ण नव्वद अंश क्वचितच लागतात, खाली जुना टायर ठेवला की कोनही कमी होतो आणि रंगही वाचतो. तेलाच्या आणि ब्रीदरच्या नळीला चिमटा लावला तर गळतीचा प्रश्नच येत नाही.

पण चिमटा काढायचा राहिला तर टू-स्ट्रोकला तेल मिळणार नाही आणि फोर-स्ट्रोकला श्वास घेता येणार नाही. म्हणून चिमटा लावताच स्टार्टरच्या दोरीला किंवा किल्लीला एक लाल चिंधी बांधायची, आणि ती चिंधी चिमटा हातात आल्यावरच सोडायची.